समुद्रातल्या लेकुरवाळ्या

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या बोलण्याचा मजकूर)

आम्ही रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या एका बचत गटाच्या बायका बोलतोय. आमच्या गटात अकरा जणी आहेत. थंडी पडली की आमच्या गावात पाहुणे यायला लागतात. कोणाला डॉल्फिन बघायचे असतात, कोणाला कासवाची पिल्लं. त्यांची राहायची सोय आमच्या घरांत, जेवण आमच्या चुलीवरचं. आधी येणारे सगळे पुण्या-मुंबईचे असायचे. आता देशावरच्या बचत गटांचेही फोन येतात, आणि त्याचा आम्हाला फार आनंद आहे. "ताई, आमचा गट दरवर्षी सहल काढतो. आजवर देवदर्शनच झालं. यंदा समुद्रातले प्राणी बघायचेत. देवमासा दिसेल का हो?" असं विचारतात. हा प्रश्न इतक्या वेळा आला, की एकदाच सगळ्यांना मिळून उत्तर द्यावं म्हणून आज रेडिओवर आलो.

तर उत्तर आधीच सांगून टाकतो. देवमासा दाखवतो, असं आम्ही कोणालाही सांगत नाही. आणि आमच्या किनाऱ्यावर कोणी तसं सांगून आगाऊ पैसे मागितले, तर देऊ नका. देवमासे आपल्या समुद्रात आहेत, ही गोष्ट खरी. पण आपल्या किनाऱ्यापासून समुद्र खूप लांबपर्यंत उथळ आहे. खोल पाणी लागायला बोटीला बराच प्रवास करावा लागतो, आणि मोठे देवमासे बहुतेक त्या खोल पाण्याच्या बाजूला फिरतात. श्रीलंकेला मिरिसा नावाचं गाव आहे, तिथे किनाऱ्याजवळच समुद्र एकदम खोल होतो, म्हणून तिथे सकाळी निघालेल्या पाहुण्यांना दुपारपर्यंत निळा देवमासा दिसून जातो. आपल्याकडे जमिनीचा उतारच वेगळा. विहीर कुठे लागेल हे जसं जमिनीवर असतं, तसंच हे.

तरीही देवमाशाबद्दल बोलायचंच आहे, कारण तो आपल्याला वाटतो त्याहून आपल्या जवळचा आहे. मासा म्हणतात, पण तो मासा नव्हे. त्याला कल्ले नाहीत. आपल्यासारखी फुप्फुसं आहेत, श्वास घ्यायला वर यावं लागतं. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, देवमाशाची वर-खाली. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, त्याची मादी पिल्लाला जन्म देते आणि दूध पाजते. निळ्या देवमाशाचं पोट जवळपास वर्षभर असतं. पिल्लू जन्मतं तेच सुमारे 7 मीटर लांब, दोन-अडीच टन वजनाचं. मोठा निळा देवमासा 25 ते 30 मीटर होतो. एसटीच्या दोन गाड्या एकामागे एक लावल्या तरी त्याच्यापुढे कमी पडतील. पृथ्वीवर आजवर इतका मोठा प्राणी दुसरा नाही.

आता आपल्यातल्या पुष्कळ जणी डेअरीला दूध घालतात, म्हणून हा हिशेब तुम्हाला लगेच कळेल. गाईच्या दुधाला फॅट लागते साडेतीन-चार. चांगल्या म्हशीला सहा-सात. देवमाशाच्या दुधाला 35 ते 40. म्हणजे दूध कसलं, लोण्याच्या जवळ जाणारं काहीतरी. पाण्यात पाजायचं, तर ते पातळ असून चालणार नाही, लगेच पसरून जाईल. असं दूध पिऊन निळ्या देवमाशाचं पिल्लू दिवसाला 90 किलोच्या आसपास वाढतं. एका दिवसात मोठ्या माणसाहून जास्त! आणि त्या काळात आई स्वतः फारसं खात नाही, अंगावरच्या चरबीवर निभावते. हे ऐकून आमच्या गटातल्या एक आजी म्हणाल्या होत्या, "म्हणजे बाळंतिणीचं सगळीकडे सारखंच."

इतकी मोठी असून ती खाते काय, तर कोळंबीसारखे बोटाएवढे जीव. तिला दात नसतात. वरच्या जबड्यातून कंगव्यासारख्या पट्ट्या लोंबतात. तोंड भरून पाणी घ्यायचं, पट्ट्यांतून पाणी बाहेर लोटायचं, आत राहील ते गिळायचं. आपली चाळणीच म्हणा. आणि देवमाशाची विष्ठा हे समुद्राचं शेणखत आहे. तिच्यात लोह असतं, त्याच्यावर पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर बारीक जीव, त्यांच्यावर मासे. देवमासे कमी झाले की शेताला खत कमी पडावं तसं समुद्राचं होतं. हे शास्त्रज्ञांनी अलीकडे मोजून दाखवलं.

आपल्या समुद्रात कोणकोणते देवमासे? 2015 साली सिंधुदुर्गच्या समुद्रात डॉल्फिनचा अभ्यास करणाऱ्यांना निळे देवमासे पिल्लांसह दिसले, तेव्हा पेपरात मोठी बातमी होती. त्याच वर्षी जूनमध्ये अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्याला सुमारे 42 फुटी निळा देवमासा जिवंत लागला. लोकांनी आणि वनखात्याने धडपड केली, पण तो वाचला नाही. 2016 च्या जानेवारीत मुंबईत जुहूला एक मेलेला देवमासा वाहून आला, तो ब्राइड्ज जातीचा. आणि 2023 च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लूच किनाऱ्याला लागलं. ते आमच्यातल्या पुष्कळ जणींनी मोबाइलवर पाहिलं. लोक त्याच्या अंगावर पाणी मारत होते, ओली फडकी टाकत होते. बोटीने ओढून त्याला खोल पाण्यात नेऊन सोडलं, पण ते जगलं नाही. त्याची आई कुठे होती, कोणाला ठाऊक. त्या दोन दिवसांत आमच्याकडे कोणाला जेवण गोड लागलं नाही.

एका देवमाशिणीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. अरबी समुद्रात कुबड्या देवमाशांचा एक छोटा कळप राहतो. जगातले बाकीचे कुबडे देवमासे दरवर्षी हजारो किलोमीटरची ये-जा करतात, उन्हाळ्यात थंड समुद्रात खायला आणि हिवाळ्यात उबदार समुद्रात बाळंतपणाला. आपल्या अरबी समुद्रातले तसं करत नाहीत. ते इथेच राहतात, इथेच खातात, इथेच वितात. हजारो वर्षं ते बाकीच्यांपासून वेगळे राहिलेत. ओमानच्या किनाऱ्याला ते शंभरसुद्धा उरलेले नाहीत, असं तिथले अभ्यासक सांगतात. 1966 साली सोव्हिएत रशियाच्या बोटींनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या बाजूच्या समुद्रात थोड्या दिवसांत दोनशेहून जास्त कुबडे देवमासे मारले, तेही गुपचूप. पुढे कैक वर्षांनी ते उघडकीला आलं. इतक्या लहान कळपातून दोनशे गेले म्हणजे काय उरलं असेल, विचार करा.

तर 2017 च्या नोव्हेंबरात ओमानमध्ये एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं छोटं यंत्र बसवलं. तिचं नाव लुबान. अरबीत लुबान म्हणजे धूप, आपला 'लोबान' शब्द त्यातूनच आलेला. तिच्या शेपटीवरची नक्षी धुपाच्या झाडासारखी दिसते, म्हणून हे नाव. सगळ्यांना वाटलं, ती ओमानच्या आसपास फिरेल. तिने सरळ अरबी समुद्र ओलांडला आणि डिसेंबरात गोव्याच्या समोर येऊन पोचली! तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली दक्षिणेच्या टोकापर्यंत गेली आणि मग परत ओमानला. कोणाला भेटायला आली, काय खायला आली, हे तिलाच माहीत. पण इकडच्या कोळ्यांच्या जाळ्यांमधून, मोठ्या जहाजांच्या वाटांवरून ती सुखरूप गेली आणि आली. नारळी पौर्णिमेला आम्ही समुद्राला नारळ देतो, तेव्हा आता काही जणी लुबानचंही नाव घेतात. त्याला शास्त्राधार नाही, पण आम्हाला बरं वाटतं.

बरं, देवमासा दिसत नाही तर मग आमच्याकडे यायचं कशाला? डॉल्फिनसाठी आणि कासवांसाठी.

डॉल्फिन ही देवमाशाचीच धाकटी जात. आपल्या किनाऱ्याला जास्त करून कुबड असलेला डॉल्फिन दिसतो, करड्या रंगाचा, पाठीवर उंचवटा आणि त्याच्यावर छोटा पंख. त्याला उथळ पाणी आवडतं. खाडीच्या तोंडाशी, जिथे गोडं आणि खारं पाणी मिसळतं आणि मासळी गोळा होते, तिथे तो हमखास. म्हणून दापोलीजवळ कर्दे-मुरुडला, मालवणकडे तारकर्ली-देवबागला, निवतीला डॉल्फिन बघायच्या होड्या सुटतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो. सकाळी वारा सुटायच्या आधी निघायचं. पाणी ताटासारखं सपाट असलं की अर्ध्या किलोमीटरवरची पाठही दिसते. दुपारी वारा आला की लाटा आणि डॉल्फिन यांत फरकच कळत नाही, आणि होडीत ओकारीही येते. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा कोणी नेतो म्हटलं तरी जाऊ नका.

डॉल्फिनच्या बाबतीत आमच्या गावात जे झालं ते मोकळेपणाने सांगतो, कारण तुम्ही पाहुण्या म्हणून येणार तेव्हा तुमचाही त्यात हात असणार आहे. होडीवाला गिऱ्हाईक खूश करायला बघतो. डॉल्फिन दिसला की मशीन वाढवून त्याच्यावर होडी घालतो. एकाने घातली की बाकीचे चार जण चारी बाजूंनी येतात. पाहुणे टाळ्या वाजवतात, शिट्ट्या मारतात, गाणी लावतात. डॉल्फिन बुडी मारून लांब वर येतो, होड्या पुन्हा त्याच्यामागे. बघणाऱ्याला वाटतं तो खेळतोय. खेळत नसतो, पळत असतो. डॉल्फिनला डोळ्यांपेक्षा कानाने जास्त दिसतं. तो आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजावरून मासा कुठे, पिल्लू कुठे, खडक कुठे हे ओळखतो. पाच मशिनांच्या घरघरीत पिल्लाचा आवाज त्याला कसा यायचा? डॉल्फिनला एका वेळी एकच पिल्लू होतं, तेही दोन-तीन वर्षांतून एकदा. पिल्लाला दर थोड्या वेळाने वर यावं लागतं आणि आईच्या अंगाला चिकटून पोहावं लागतं. हाकलाहाकलीत त्याची आई सुटली तर ते दमून जातं.

एका डिसेंबरात आमच्या गटाच्या तीन जणी पाहुण्यांबरोबर होडीत होत्या. पिल्लू असलेली मादी होती आणि सहा होड्यांनी तिला कोंडलं होतं. पिल्लू वर आलं की प्रत्येक होडी पुढे. पाहुण्यांतल्या एक बाई स्वतः बाळंत होऊन चार महिने झालेल्या, त्या रडायलाच लागल्या, म्हणाल्या, "परत फिरवा, मला नाही बघायचं." त्या संध्याकाळी गटाची बैठक बसली, आणि आमच्यात भांडणं झाली. होड्या चालवणारे कोण? आमचेच नवरे, दीर, भाऊ. होडीचं कर्ज आमच्याच नावावर, आमच्याच गटातून काढलेलं. हप्ता फिटायचा तर फेऱ्या झाल्या पाहिजेत. एकीचा दीर म्हणाला, "पाहुणा जवळून बघितल्याशिवाय पैसे देत नाही. तुम्हाला भाकऱ्या थापायचं काम आहे, समुद्र आम्हाला शिकवू नका." दुसरी म्हणाली, "आज हाकलाल तर उद्या ती खाडीचं तोंडच सोडून देईल, मग काय दाखवाल, बगळे?"

बरेच दिवस हे चाललं. शेवटी आम्ही आमच्या हातात होतं तेवढं केलं. मुक्कामाचं आरक्षण आमच्याकडे येतं, होडीसुद्धा आम्हीच ठरवून देतो. म्हणून सांगितलं की जो होडीवाला नियम पाळेल त्यालाच आमचे पाहुणे. नियम कागदावर लिहिले आणि घरोघरी लावले. डॉल्फिनपासून होडी 50 मीटर तरी लांब. समोरून कधी जायचं नाही, बाजूने आणि त्याच्याच दिशेने हळूहळू जायचं. मशीन एकदम वाढवायचं नाही, एकदम बंदही करायचं नाही. दोन होड्या आधीच असतील तर तिसरीने थांबायचं. पिल्लू दिसलं तर लगेच मागे. खायला टाकायचं नाही, गाणी नाहीत. पंधरा-वीस मिनिटांत परत. चार होडीवाले तयार झाले, तीन नाही झाले. त्या तिघांची होडी अजून जोरात चालते आणि पाहुणेही जातात त्यांच्याकडे. आमच्या एका सदस्येच्या घरात यावरून अजून बोलणं बंद आहे. सगळं गोड झालं असं सांगता आलं असतं, पण ते खरं नाही. एवढं मात्र पाहिलं, की मशीन हळू ठेवून नुसतं थांबलं तर कधीकधी डॉल्फिन स्वतःच होडीजवळून जातात. तेव्हा त्यांच्या श्वासाचा 'फूस्स' असा आवाज ऐकू येतो. पाहुण्यांना तो आवाज फोटोपेक्षा जास्त लक्षात राहतो.

म्हणून तुम्ही आलात तर होडीत बसायच्या आधी होडीवाल्याला सांगा, "दादा, लांबूनच दाखवा, घाई नाही." गिऱ्हाइकाने सांगितलेलं तो ऐकतो. आमचं ऐकायला त्याला चार वर्षं लागली.

या कामात आम्हाला धीर दिला तो लांबच्या एका गोष्टीने. न्यूझीलंडला कायकोरा नावाचं गाव आहे. तिथले मूळचे माओरी लोक गरीब होते, कामं नव्हती. गावासमोर खोल दरीसारखा समुद्र आहे आणि तिथे दात असलेले मोठे देवमासे येतात. 1987 साली तिथल्या काही माओरी कुटुंबांनी आपली घरं गहाण ठेवून कर्ज काढलं आणि देवमासे दाखवायचा धंदा सुरू केला. आज सगळं गाव त्याच्यावर उभं आहे. आणि त्यांची एक पद्धत आम्हाला फार आवडली. देवमासा दिसलाच नाही, तर तिकिटाचे 80 टक्के पैसे परत. आम्हाला एवढं परवडत नाही. पण डॉल्फिन दिसला नाही तर आमच्याकडे संध्याकाळची घावनं आणि चहा फुकट, हे ठरवलंय.

आपल्याकडेही हे काम बायका करतात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका 2017 पासून पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. वल्हं स्वतः मारतात, झाडांची नावं स्वतः सांगतात. खाडीतलं कांदळवन म्हणजे माशांच्या पिल्लांचं पाळणाघर. ते राहिलं तर मासळी राहील, मासळी राहिली तर डॉल्फिन राहील. तुमच्या सहलीत दोन दिवस जास्त असतील तर तिकडेही जा.

आता कासवं. मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे, नाना फडणवीसांचं मूळ गाव. तिथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी लोक ती अंडी काढून खायचे, विकायचे. उरलेली कुत्री आणि कोल्हे उकरायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 च्या सुमाराला तिथे संरक्षणाचं काम सुरू केलं, आणि अंडी काढणाऱ्या हातांनाच राखणीचं काम दिलं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे यायला लागले आणि गावातल्या घराघरांत त्यांची सोय होऊ लागली. आता आंजर्ले, गुहागर आणि खाली सिंधुदुर्गातही हे काम चालतं.

कासवीण रात्री येते. भरतीच्या रेषेच्या वर चढते, मागच्या पायांनी हात-दीड हात खड्डा करते. तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद, अगदी मडक्यासारखा. शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू ओढते, अंगाने थोपटून दाबते आणि निघून जाते. पुन्हा बघायला येत नाही. मग गावातले कासवमित्र पहाटे पुळणीवर तिच्या पावलांचा माग काढतात आणि अंडी उचलून जाळीच्या कुंपणात तसाच, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून ठेवतात. 45 ते 55 दिवसांनी पिल्लं निघतात. गंमत अशी की नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू तापलेली असेल तर माद्या जास्त, गार असेल तर नर जास्त. म्हणजे उन्हाळे असेच वाढत गेले तर नरच मिळणार नाहीत, अशी भीती अभ्यासकांना वाटते.

या कासवीणी किती फिरतात बघा. 2022 च्या जानेवारीत वेळासला एका कासविणीला उपग्रहाचं यंत्र लावलं, तिचं नाव ठेवलं प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्री नावाच्या कासविणीला लावलं, ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या एका कासविणीच्या पंखावर बिल्ला सापडला, तो 2021 साली ओडिशात लावलेला! पूर्वेचा किनारा वेगळा आणि पश्चिमेचा वेगळा, असं सगळे समजत होते. ती मात्र सगळ्या देशाला वळसा घालून इकडे आली.

गुजरातची एक गोष्ट तुम्हाला आवडेल. व्हेल शार्क म्हणून प्रचंड मोठा मासा आहे. नावात व्हेल असलं तरी तो खरा मासाच. सौराष्ट्राच्या किनाऱ्याला त्याची फार शिकार व्हायची. 2001 साली कायद्याने बंदी आली, पण कायदा समुद्रात किती पोचतो? 2004 साली मोहीम सुरू झाली आणि कथाकार मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं, की ही तुमची लेक आहे, बाळंतपणाला माहेरी आलीय, तिला मारू नका. तिचं नाव ठेवलं व्हाली, म्हणजे लाडकी. तेव्हापासून जाळ्यात अडकलेली व्हाली सोडवायला कोळी स्वतःची जाळी कापतात आणि त्याची भरपाई मिळते. आपल्या राज्यातही 2018 पासून कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क जाळं कापून सोडला आणि त्याचे फोटो दिले, तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. तुमच्या नात्यात कोणी मासेमारी करत असेल तर त्यांना हे जरूर सांगा. पुष्कळांना अजून माहीत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. 'देवमाशाची उलटी' म्हणून कोट्यवधींना विकली जाणारी वस्तू तुम्ही बातम्यांत ऐकली असेल. दात असलेल्या एका देवमाशाच्या आतड्यात ती तयार होते आणि कधीतरी वाहून किनाऱ्याला लागते. आपल्या देशात ती बाळगणं आणि विकणं गुन्हा आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली. पुळणीवर मेणासारखा गोळा सापडला तर घरी नेऊ नका, वनखात्याला कळवा. आणि कोणी ती विकत घ्या, दुप्पट पैसे मिळतील म्हणत गटाकडे आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. बहुतेक वेळा तो गोळा मेणाचाच असतो, आणि खरा असला तर तुरुंग ठरलेला.

किनाऱ्यावर जिवंत डॉल्फिन, देवमासा किंवा कासव लागलेलं दिसलं तर वनखात्याचा 1926 हा नंबर लावायचा. शेपटी धरून ओढायचं नाही, शेपटी उखळते. अंगावर ओली चादर टाकायची, पाणी मारत राहायचं, पण डोक्यावरच्या नाकपुडीत पाणी जाऊ द्यायचं नाही. गर्दी हटवायची. बायकांचं तिथे चांगलं चालतं. आम्ही चौघी हातात हात घालून उभ्या राहिलो की सेल्फीवाले पुढे यायला लाजतात.

आता सहलीचं. डॉल्फिनसाठी डिसेंबर-जानेवारी बरा, कासवाच्या पिल्लांसाठी फेब्रुवारी-मार्चचा शेवट ते एप्रिल. दोन्ही एका फेरीत नेमकं जमेलच असं नाही. अंडी कोणत्या तारखेला ठेवली ते कुंपणातल्या पाटीवर लिहिलेलं असतं, त्यावरून अंदाज सांगता येतो. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. मंडणगडपर्यंत एसटी आहे. हरिहरेश्वर करून येणार असाल तर बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून वेसवीला उतरता येतं, तेवढीच बोटीची हौस होते. चटया आणि पांघरूण आमच्याकडे मिळेल. औषधं, टोपी, बॅटरी तुमची आणा. बॅटरी पुळणीवर रात्री लावायची नाही, पिल्लं उजेडाकडे भरकटतात. प्लास्टिकच्या पिशव्या आणू नका. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिश वाटते आणि ते गिळतं.

पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. कुंपणात टोपली पालथी घातलेली असते, ती उचलली की खाली पिल्लं असली तर असतात, नसली तर नसतात. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, हातात घ्यायचं नाही. त्यांना स्वतःच्या पायांनी वाळू तुडवत जाऊ द्यावं लागतं. मागच्या वर्षी साताऱ्याकडच्या एका गटाच्या बावीस जणी आल्या होत्या. दोन दिवस टोपली रिकामी निघाली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी सुटायची, तर त्यांच्यातल्या दोघी अंधारातच चालत पुळणीवर गेल्या. टोपलीखाली नऊ पिल्लं होती. बाकीच्यांना उठवून आणेपर्यंत सात पाण्यात गेली होती, दोन सगळ्यांना दिसली. त्यांनी यंदाचं आरक्षण चार दिवसांचं केलंय.

कोणीतरी विचारलं होतं, की लहान मुलं आणली तर चालेल का. चालेल, आणा. पहाटे साडेपाचला उठायची तयारी ठेवा, आणि मासे खात नसाल तर आधी सांगा, कुळथाचं पिठलं करून ठेवू.